बंब न जाणारी गल्ली

सहदेव घाडी राजकारणात आला तो दुधाच्या गाडीतून. मुलुंडच्या शेलारवाडीत हे कुणीही सांगेल, आणि ते अक्षरशः खरं आहे.

तेव्हा तो आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर होता. बाप लालबागच्या गिरणीत उमर काढून मालवणकडच्या गावी परतलेला. वाडीतल्या चाळीत दोन खोल्यांत सहदेव, त्याची बायको प्रेमा, धाकटा भाऊ लवू आणि लवूची बायको विमला एवढी माणसं. आणीबाणी उठली त्या वर्षी एका पहाटे विमलाला कळा सुरू झाल्या. प्रसूतिगृह दोन स्टेशनं पलीकडे. रिक्षा मिळेना, टॅक्सीचा तर विषयच नको. लवू नुसताच हात चोळत उभा. शेवटी सहदेव लुंगी-बनियनवर धावत गेला आणि हमरस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. समोरून आली ती सरकारी दुधाची गाडी.

ड्रायव्हर आधी शिव्या द्यायला खाली उतरला, पण मागून प्रेमाने धरून आणलेल्या विमलाकडे बघताच मागचं दार उघडून त्याने स्वतःच क्रेट बाजूला सारले. गाडी भांडुपपर्यंतही पोचली नसेल, तोच बाटल्यांच्या खडखडाटात विमलाला मुलगी झाली, प्रेमाच्या हातांत.

आई-लेक प्रसूतिगृहात सुखरूप पोचल्या, आणि मग ड्रायव्हर रडकुंडीला आला. "आता सगळ्या केंद्रांवर बोंब होणार. माझी नोकरी जाणार, भाऊ."

"तू गाडी काढ," सहदेव म्हणाला, "मी येतो."

मग प्रत्येक दूध केंद्रासमोर गाडी थांबली की चिडलेल्या रांगेपुढे सहदेव लुंगीवरच उडी मारून उतरायचा आणि हात जोडून सांगायचा, "मंडळी, दूध उशिरा आलं, कारण गाडीत बाळंतपण झालं. मुलगी आहे. माझी पुतणी. ह्या भल्या माणसाची तक्रार करू नका." रांगेतले लोक हसायचे, बायका "बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?" म्हणून चौकशी करायच्या, एका आजीने तर पिशवीतला नारळ काढून दिला. दुपारपर्यंत अर्ध्या मुलुंडला सहदेव घाडी माहीत झाला होता.

पुढच्या वर्षी महापालिकेच्या निवडणुका लागल्या. पक्षाचे स्थानिक पुढारी बाळ नाडकर्णी वकील होते, पण उभं राहून दोनदा पडलेले. ते सुट्टीच्या भोंग्याला कारखान्याच्या गेटवर हजर झाले.

"सहदेव, तुला उभं राहायचंय."

"कुठे?" सहदेवने विचारलं. त्याला वाटलं, कुठल्यातरी सभेत पहाऱ्याला.

"निवडणुकीला."

सहदेव एक पाऊल मागे सरला. "वकीलसाहेब, माका भाषण करूक येना नाय!" घाबरला की त्याची मालवणी बाहेर यायची.

"भाषण कोण मागतंय? ती मी करीन. तू नुसता हात जोडून फिर. लोक तुला बघून हसतात रे, आणि मला बघून दार लावून घेतात."

तसंच झालं. नाडकर्णी बोलले, सहदेव फिरला आणि निवडून आला.

नगरसेवक म्हणून त्याने जे केलं ते वाडीला आवडलं, कारण ते दिसायचं. त्याला फोनवर काम होतं यावर विश्वासच नव्हता. गटार तुंबलं की तो तिथे जाऊन उभा राहायचा, आणि ते साफ होईपर्यंत हलायचा नाही. वॉर्ड ऑफिसातले इंजिनिअर त्याला लांबून पाहिला की स्वतःच बूट घालायला लागायचे. दिवाबत्ती, संडास, शाळेची कौलं, एकेक गोष्ट तो अशी उभं राहून मिळवत गेला. एकच काम उभं राहून होईना.

ते होतं प्रसूतिगृहाचं. त्या पहाटेपासून ते त्याच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. वाडीच्या मागच्या टोकाला महापालिकेचा मोकळा भूखंड होता. पण शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर लिहिलेलं होतं: अग्निशमन केंद्र. आता ती जागा जिथे होती, तिथे आगीचा बंब जाणं शक्यच नव्हतं. वाडीतून जाणारी एकच गल्ली, तीही पुढे अशी निमुळती होत गेलेली की समोरासमोरून दोन सायकली आल्या तर एकाने उतरायचं. मागे डोंगर. खुद्द अग्निशमन दलाने लिहून दिलं होतं, आम्हाला ही जागा नको. महापालिकेने ठराव केला, आरक्षण बदलून प्रसूतिगृह करावं. पण आराखड्यातला शब्द बदलायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. ठराव मंत्रालयात गेला आणि तिथेच राहिला.

सहदेव मंत्रालयातही जाऊन उभा राहिला. पण तिथे कुणी बूट घालायला लागलं नाही. एक कारकून म्हणाला वरच्या मजल्यावर जा, वरच्या मजल्यावरचा म्हणाला साहेब दौऱ्यावर आहेत. चार वर्षं अशी गेली. एकदा तो इतका वैतागून घरी आला की चपला न काढताच आत आला.

"आतला माणूस असल्याशिवाय तिथे काही हलत नाही," तो म्हणाला.

"मग आत जा की," प्रेमा भाकरी थापता थापता म्हणाली.

ती सहज बोलली होती. पण पंच्याऐंशी सालच्या विधानसभेला पक्षाने नावं मागवली, तेव्हा सहदेवने पहिल्यांदाच आपणहून हात वर केला. नाडकर्णी वकिलांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, तिथे बोलावं लागतं."

"शिकेन," सहदेव म्हणाला.

मुलुंडने त्याला झकास मताधिक्याने निवडून दिलं. गुलालाने माखून घरी आला तेव्हा प्रेमाने त्याला आधी मोरीत पाठवलं, मग ओवाळलं.

विधानसभेत त्याने पहिलं अधिवेशन नुसतं ऐकण्यात घालवलं. नरम खुर्च्या, थंड हवा, समोर माईक. तिथली भाषाच वेगळी. 'सन्माननीय सदस्य', 'शासनाच्या विचाराधीन', 'बाब तपासून पाहण्यात येईल'. कुणी कुणाचं काम करत नाही म्हणायचं नव्हतं, पण कुठे जाऊन उभं राहिल्यावर काम होतं हेच त्याला कळेना. दुसऱ्या अधिवेशनात त्याचा तारांकित प्रश्न लागला: शेलारवाडीच्या भूखंडाच्या आरक्षणाबाबत. रात्रभर त्याने प्रेमाला समोर बसवून तालीम केली होती. नाव पुकारलं गेलं. तो उठला. सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं, निदान त्याला तसं वाटलं. आणि सात वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं,

"महापौर महाराज…"

मग मागच्या बाकावरून एक हुंदका आल्यासारखा आवाज आला आणि अख्खं सभागृह खो-खो हसायला लागलं. सत्ताधारी हसले, विरोधक हसले, अध्यक्षांनी तोंडावर हात धरला. हसू ओसरल्यावर नगरविकास राज्यमंत्री चंद्रप्रकाश हिंगणेकर उठले आणि म्हणाले, "बाब तपासून पाहण्यात येईल." संपलं. उपप्रश्न विचारायचं सहदेवच्या लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चौकट आली: 'मुलुंडचे आमदार अजून महापालिकेतच.'

त्यानंतर त्याने विधानसभेत तोंड उघडलं नाही. आणि जसजसं तिथे करमेना, तसतसा तो जास्तच वॉर्डात रमायला लागला. सकाळी उठून गटारं बघायची, दिवे मोजायला लावायचे, मुकादमाला फैलावर घ्यायचं. तिथे त्याला कुणी हसत नव्हतं.

एवढंच की वॉर्ड आता त्याचा राहिला नव्हता. त्याच वर्षी झालेल्या महापालिकेच्या निवडणुकीत त्याच्या जागेवर विरोधी पक्षाच्या अनुपमा कारखानीस निवडून आल्या होत्या. कारखानीसबाई वाडीतल्याच शाळेत गणित शिकवायच्या. उंच, सडपातळ, खांद्याला शबनम पिशवी, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलानेही मान वर करावी. वाडीतल्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला होता आणि त्याच निम्म्यांनी त्यांना मतं दिली होती.

एका सकाळी नाल्याच्या कडेला सहदेव मुकादमाला ओरडत होता. "तो पलीकडचा गाळ कोण काढणार? माझा आजोबा?"

"तो मी काढायला सांगितलाय. परवा," मागून आवाज आला.

सहदेव वळला. बाई छत्री टेकून उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी बघतो ना."

"का बघता?" बाईंनी विचारलं. "घाडीसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. हा नाला माझा आहे. मी मागच्या महिन्यात गाळ काढायला सांगितला तर मुकादम म्हणतो, आमदारसाहेबांनी आधी दुसरीकडे लावलंय. तुम्ही एक सांगता, मी एक सांगते, आणि मुकादम आरामात बिडी ओढतो."

मुकादमाने बिडी मागे लपवली.

"मी आमदार आहे. लोकांचं काम करायचं नाही का मी?"

"करायचं की. पण जे फक्त तुम्हालाच करता येतं ते करा. नाला मी साफ करून घेईन. मला मंत्रालयात कोण विचारतंय? त्या प्रसूतिगृहाचा कागद तिथे धूळ खातोय, तो हलवायला मुलुंडमध्ये एकच माणूस आहे, आणि तो इथे माझ्या नाल्यावर उभा आहे."

सहदेवचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर बोलल्या, याचा राग आला. त्याहून जास्त राग या गोष्टीचा, की ते खरं होतं. घरी येऊन त्याने प्रेमाला सगळं सांगितलं आणि वाट बघत बसला की ती बाईंना दोन शब्द सुनावेल.

प्रेमा म्हणाली, "बरोबर बोलली ती."

"तू पण!"

"अहो, तुम्हाला तिथे हसले म्हणून तुम्ही इथे लपताय. माका काय कळना नाय काय?"

सहदेव जेवला नाही. संध्याकाळी मात्र अंगात शर्ट अडकवून तो कारखानीसबाईंच्या बिऱ्हाडी गेला. बाई वह्या तपासत होत्या. त्याला बघून त्यांनी चष्मा काढला.

"बसा. रागावला होतात ना?"

"होतो," सहदेव म्हणाला. "बाई, वॉर्ड तुमचा. मी आता मुकादमाकडे बघणार पण नाही. पण मंत्रालयाचं मला जमत नाहीये, हे खरं. मी उभा राहिलो की माझी वाट लागते."

बाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं. "तुमची उभं राहायची जागा चुकतेय. तुम्ही गल्लीत उभे राहता तेव्हा बोलता की नाही? मग मंत्र्यालाच गल्लीत आणा."

दोन वेगवेगळ्या पक्षांची दोन माणसं त्यानंतर महिनाभर एकत्र बसली, यावर दोन्ही पक्षांत कुजबुज झाली. नाडकर्णी वकील म्हणाले, "सांभाळ रे, बाई हुशार आहे." बाईंच्या पक्षाने तर त्यांना पत्र पाठवून खुलासा विचारला. बाईंनी ते पत्र शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत पाठवलं.

मंत्र्यांना आणायला निमित्त मिळालं ते वाडीतल्या वाचनालयाच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाचं. वाचनालय गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, त्या भूखंडाला लागूनच होतं. हिंगणेकर तसे हौशी, हार-तुरे आवडणारे, आणि मनाने बरे. त्यांनी होकार दिला. बेत साधा होता: गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबेल, साहेब चालत आत येतील, गल्ली बघतील, आणि भूखंडापाशी पोचल्यावर सहदेव विषय काढील.

पण मंत्र्यांचा ड्रायव्हर नंदकिशोर हा माणूस बेतात धरलेला नव्हता. त्याची पांढरी ॲम्बॅसेडर गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा सहदेव हात करून म्हणाला, "इथेच थांबवा, पुढे गाडी जात नाही."

नंदकिशोरने काच खाली करून गल्लीकडे तुच्छतेने पाहिलं. "आपण वरंधा घाटात गाडी मारलेली आहे, आमदारसाहेब. साहेबांना चिखलातून चालवू काय?"

आणि गाडी आत घातली.

सुरुवातीला ठीक चाललं. बँडवाले गाडीच्या पुढे चालत वाजवत होते, दोन्ही बाजूंच्या चाळींतून बायका-पोरं बघत होती. माणिकशेठच्या पिठाच्या गिरणीपाशी गल्ली अरुंद होते. एका बाजूला गिरणीचा दगडी ओटा, दुसऱ्या बाजूला चाळीची भिंत. तिथे 'कर्र' असा आवाज झाला. नंदकिशोरने जोर लावला. आणखी एक 'कर्र'. मग गाडी थांबली, ती थांबलीच. डावीकडे ओटा दाराला चिकटलेला, उजवीकडे भिंत. मागे जायचं तर पोलिसांची जीप आत शिरलेली, तिच्या मागे उसाच्या रसाची हातगाडी आणि तिच्या मागे सगळी वाडी.

दारं उघडेनात. मंत्री गाडीत अडकले.

बँड थांबला. सहदेवने कारखानीसबाईंकडे पाहिलं, तर बाई पदराने तोंड झाकून उभ्या. हसत होत्या की काय, त्याला कळेना. आतून हिंगणेकरांचा आवाज आला, "हा काय प्रकार आहे? दार उघडा!"

"उघडत नाही, साहेब," नंदकिशोर बारीक आवाजात म्हणाला.

"कोण आहे रे इथला आमदार?"

सहदेव ओट्यावर चढला, गुडघे टेकून बसला आणि खिडकीशी वाकला. आत मंत्री घामाघूम झालेले, मांडीवर फेटा, गिरणीचं पीठ खिडकीतून आत येऊन मिश्यांवर बसलेलं. आणि कसं कोण जाणे, सहदेवची भीतीच गेली. हे त्याला माहीत होतं. तुंबलेली जागा आणि तिथे अडकलेला माणूस, यातच तर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"मी, सहदेव घाडी. साहेब, घाबरू नका, पाच-दहा मिनिटांत काढतो तुम्हाला. माणिकशेठ, साहेबांना पाणी द्या. आणि चहा. साहेब, एक विचारू?"

"आत्ता? विचारा!"

"ह्या गल्लीतून आगीचा बंब जाईल काय?"

हिंगणेकर भडकले. "बंब? अहो, इथे माझी गाडी जात नाही, बंब कुठून जाईल?"

"साहेब, तुमच्या खात्याच्या मते जातो. पुढे जो भूखंड आहे, तो अग्निशमन केंद्राला ठेवलाय. महापालिका म्हणते नको, अग्निशमन दल म्हणतं नको, आम्ही म्हणतो तिथे बाळंतपणाचं इस्पितळ करा. आणि कागद तुमच्याकडे पडून आहे."

मंत्री काहीतरी बोलणार एवढ्यात वरून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून रत्नप्रभा मावशी कमरेपर्यंत बाहेर वाकल्या होत्या. "ओ मंत्रीसाहेब! आमच्या सुनेला ह्याच गल्लीतून खुर्चीवर बसवून उचलून न्यावी लागली. तुम्हाला निदान चहा तरी मिळतोय!"

अख्खी गल्ली हसली. मंत्र्यांनी वर बघायचा प्रयत्न केला, पण छत आडवं आलं. त्यांनी खिडकीतून आलेला चहाचा कप घेतला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"घाडी," ते म्हणाले, "तुम्ही तेच ना, महापौर महाराज?"

"तोच, साहेब."

"मग तेव्हा सभागृहात असं का बोलला नाहीत?"

"तिथे तुम्ही अडकलेले नव्हता," सहदेव म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याने जीभ चावली. पण मंत्री इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला.

तोवर बाईंनी सूत्रं हातात घेतली होती. शाळेत पोरांना ओळीत उभं करतात तसं त्यांनी गर्दी, हातगाडी आणि पोलिसांची जीप एकापाठोपाठ एक मागे घ्यायला लावली. व्यायामशाळेतल्या गड्यांनी ॲम्बॅसेडरचं मागचं अंग उचलून धरलं, पुढून लवू आणि बँडवाल्यांनी ढकललं, आणि गाडी खरचटत मागे निघाली. हिंगणेकर बाहेर आले, फेटा डोक्याला लावला आणि चालत भूखंडापर्यंत गेले. तिथे उभे राहून डोंगराकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं. वाचनालयाची फीत कापली. जाताना नंदकिशोरकडे बघून एवढंच म्हणाले, "वरंधा घाट काय!"

लगेच काही झालं नाही. सरकारच ते. पण पुढच्या अधिवेशनात सहदेवने तोच प्रश्न पुन्हा टाकला. या वेळी तालीम केली नाही. उठला, "अध्यक्ष महाराज" म्हणाला, आणि शेलारवाडीत गाडीच्या खिडकीशी वाकून बोलला होता तसाच बोलला, साधं. बसला तेव्हा सगळं बोलून झालं होतं.

हिंगणेकर उत्तराला उठले. "अध्यक्ष महाराज, सदर गल्लीची मी जातीने पाहणी केलेली आहे. तीतून बंब जाणार नाही, याबद्दल शासनाची पूर्ण खात्री पटलेली आहे. आरक्षण बदलण्यास मंजुरी देण्यात येत आहे."

ही हकीकत तोवर सगळ्यांना कळलेली होती. सभागृह पुन्हा खो-खो हसलं. या खेपेला सहदेवही हसला, आणि बाकावर हात आपटायला तो इतर कुणापेक्षा कमी नव्हता.

माणिकशेठने पुढे आपणहून ओटा तोडून दिला. मंत्र्याची गाडी अडकलेला ओटा म्हणून त्याला फार दिवस मिरवता आलं असतं, पण त्याची स्वतःची सून त्या वर्षी गरोदर होती. चाळीच्या मालकानेही थोडी भिंत मागे घेतली. बंबाला नाही, तरी रिक्षा आणि रुग्णवाहिकेला पुरेशी वाट झाली. बांधकाम महापालिकेचं, म्हणजे बाईंचं. विटा उतरताना त्या रोज शाळा सुटल्यावर तिथे असायच्या. सहदेव तिकडे गेला तर रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघायचा. आत पाऊल टाकायचा नाही, तसं कबूल केलं होतं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात प्रसूतिगृह उघडलं. कोनशिलेवर कुणाचं नाव वर, यावरून दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हमरीतुमरीवर आले होते. सहदेव म्हणाला बाईंचं लावा, बाई म्हणाल्या कुणाचंच नको, बाळं काय कोनशिला वाचणार आहेत? शेवटी महापालिकेच्या माणसांनी आपल्या पद्धतीने केलं. पडदा सरकला तेव्हा महापौरांचं नाव ठसठशीत, खाली 'नगरसेविका अनुपमा कारखानीस', आणि त्याखाली 'आमदार सहदेव गाडी'.

"गाडी!" सहदेव ओरडला. "घ चा ग केला मरे ह्यांनी!"

प्रेमा हसता हसता खाली बसली. "राहू दे. शोभतंय तुम्हाला."

पहिल्याच आठवड्यात चाळीतल्या कमलला तिथे मुलगा झाला. पायी चालत गेली होती ती, नवऱ्याच्या हाताला धरून, मध्ये थांबून रत्नप्रभा मावशीशी बोलत. सहदेवला हे कळलं तेव्हा तो विधानभवनाच्या पायऱ्यांवर होता. फोन ठेवून तो उगाचच तिथल्या शिपायाला म्हणाला, "चालत गेली!" शिपाई म्हणाला, "हो का, साहेब?" आणि सहदेव आनंदाने मान हलवत राहिला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, रविवारी, कारखानीसबाई घाडींच्या घरी आल्या. बसल्या नाहीत.

"घाडीसाहेब, बाहेरून कानावर यायच्या आधी मीच सांगते. पुढच्या विधानसभेला पक्षाने मला उभं करायचं ठरवलंय. मुलुंडमधून."

म्हणजे त्याच्याविरुद्ध. सहदेव पेपर वाचत होता, त्याने तो हळूच मिटला. बाई उभ्या राहिल्या तर लढत कठीण होती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि त्याच क्षणी त्याला असंही वाटून गेलं, की दुसऱ्या कुणापेक्षा ही बरी.

"तुम्ही आधी सांगायला आलात," तो म्हणाला. "पार्टीवाल्यांनी येऊ दिलं?"

"त्यांना कुठे विचारलंय?"

आतून प्रेमाचा आवाज आला. "बाई, उभ्या कशाला? बसा. बांगड्याचं तिखलं केलंय."

कारखानीसबाई सीकेपी, माशाला नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. पाटावर बसल्या. तिघं जेवायला लागली. मग बाईंनी काटा बाजूला काढत विचारलं, "मला एक सांगा. तिथे पहिल्या दिवशी नेमकं काय काय होतं हो?"

सहदेवने घास खाली ठेवला आणि सांगायला लागला. शपथ कशी घ्यायची, तारांकित प्रश्न कधी टाकायचा, ग्रंथालयातला कुठला कर्मचारी मनापासून मदत करतो, कॅन्टीनची बटाटाभाजी का खायची नाही, लक्षवेधी लागली की मंत्री दालनात कुठल्या दाराने येतो. बाई मध्येच थांबवून प्रश्न विचारत होत्या, तो हातवारे करून समजावत होता. तिखलं थंड झालं.

"अहो," प्रेमा वाढता वाढता म्हणाली, "ती तुमच्या विरुद्ध उभी राहणार आहे. सगळंच सांगून टाकताय?"

"अगं, उद्या मी पडलो तर?" सहदेव म्हणाला. "ह्यांनी तिथे जाऊन मुलुंडचं नाव घालवायचं काय?"

"मी पडले तर?" बाई म्हणाल्या.

"तर नाला आहेच तुमचा," सहदेव म्हणाला, आणि प्रेमाकडे ताट सरकवून आणखी एक बांगडा मागितला.